टीव्हीकडे तोंड करून

“तुझं एक बरंय वहिनी, दिवसभर टीव्ही तरी बघायला मिळतो,” स्वप्नाली फोनवर म्हणाली. ती नीलमची नणंद. पुण्याला असायची, बँकेत नोकरी करायची आणि आईची चौकशी करायला आठवड्यातून एकदा फोन करायची. ती टोमणा मारत नव्हती. थकलेली होती, दोन मुलांच्या मागे धावत होती आणि तिला खरंच तसं वाटत होतं. नीलम “हो ना” म्हणाली आणि फोन ठेवून तिथेच उभी राहिली.

शांती नगरातल्या त्या बिल्डिंगला लिफ्ट नव्हती. तिसऱ्या मजल्यावर वन रूम किचन. परळची खोली सोडून घरचे सगळे इथे आले तेव्हा खिडकीतून लांबवर मिठागरं दिसायची. मग समोर दुसरी बिल्डिंग उभी राहिली आणि खिडकीत त्यांच्या खिडक्या दिसायला लागल्या. नीलम फोर्टमधल्या एका शिपिंग एजंटच्या ऑफिसात टायपिंग करायची. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे नोकरी बिनघोर चालली होती. मग दोन हजार तीनच्या गणपतीआधी सासूबाईंना, मनोरमाबाईंना, झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात थोडा हलायचा. त्यांना कळतं सगळं, असं डॉक्टर म्हणाले होते, पण तोंडातून फक्त ‘बब’ असा आवाज यायचा आणि तो सगळ्यालाच यायचा, पाण्यालाही आणि दुखण्यालाही. नोकरी कोणी सोडायची यावर घरात बोलणंच झालं नाही. नीलमनेच राजीनामा टाइप केला.

हॉस्पिटलातून सोडताना व्यायाम शिकवायला आलेल्या बाईंनी सांगितलं होतं, यांच्या कानावर आवाज पडत राहू दे, घर गप्प ठेवू नका. जितेंद्रने, म्हणजे नीलमच्या नवऱ्याने, ते फार मनावर घेतलं. दिवाळीत तो मोठा टीव्ही घेऊन आला आणि आईच्या पलंगाच्या पायथ्याशी, तिला मान न वळवता दिसेल असा बसवला. सकाळी तो स्वतः भजनांचं चॅनल लावून ऑफिसला जायचा. संध्याकाळी आल्यावर चहा घेऊन आईच्या पलंगावर टेकायचा आणि दोघं बघत बसायचे. पलंगाने हॉल भरून गेला होता. नीलम-जितेंद्रची अंथरुणं किचनमध्ये पडायची.

नीलमला बाहेर पडायला मिळायचं ते सकाळी, शेजारच्या रसिलाबेन येऊन बसल्या की. भाजी, औषधं, लाइटचं बिल, सगळं त्या वेळात. रसिलाबेन जीव लावणाऱ्या होत्या, पण त्यांनाही घरचं बघायचं असायचं. “नीलम, जल्दी आना हां,” असं त्या रोज म्हणायच्या आणि नीलम रोज धावतच जिना चढायची. मग सेफ्टी डोअर लागलं की दुसऱ्या दिवसापर्यंत ते तिच्यासाठी उघडत नसे.

तर स्वप्नालीचा फोन झाला त्या दुपारी नीलमने जितेंद्रच्या ऑफिसातून आलेली जुनी डायरी काढली. दिवसभर टीव्हीच बघते ना मी, मग तेच लिहिते, असं तिच्या मनात आलं. राग होता त्यात. पण पेन हातात घेतल्यावर राग पुरला नाही. आयुष्यभर तिने दुसऱ्यांची पत्रं टाइप केली होती. स्वतःचं म्हणून काय लिहायचं ते सुचेना.

पलंगाला पाठ टेकून ती खाली चटईवर बसायची. टीव्ही समोर, आई मागे. पहिल्या दिवशी तिने लिहिलं: ‘सकाळी भजन. मग एक बाबा, त्यांनी रागावर ताबा कसा ठेवायचा ते सांगितलं. मग स्वयंपाकाचा कार्यक्रम. मग मालिका. मग तीच मालिका परत.’ वाचून बघितलं तर हे सगळं पेपरातल्या कार्यक्रमांच्या यादीत छापूनच येत होतं. तिने पान तसंच ठेवलं आणि कणीक भिजवायला उठली.

पण डोक्यात ते चालू राहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारची मालिका बघताना तिला एक गोष्ट दिसली, ती तिने लिहिली. ‘या घरातल्या बायका भाजी आणायला कधीच जात नाहीत. त्यांना कोणी अडवलेलं नाही, दाराला कडीसुद्धा नाही. घरात एवढा मोठा जिना आहे. त्यावरून वर जातात, खाली येतात, कोणीतरी काहीतरी बोलतं आणि सगळ्यांचे चेहरे तीन तीन वेळा दाखवतात. बाहेर कोणीच जात नाही.’ लिहून झाल्यावर तिने ते दोनदा वाचलं. हे पेपरात नव्हतं.

मग ती रोज लिहायला लागली. जाहिरातीतली बाई कपडे धुताना हसते, तर आपणही मोरीत बसून हसून बघितलं, पण दातांवर साबणाचं पाणी उडालं, असं लिहिलं. बातम्या देणारी मुलगी अपघाताची बातमी संपवून क्रिकेटकडे वळते त्या मधल्या क्षणात तिचा चेहरा कोणाचाच नसतो, असं लिहिलं. समोरच्या बिल्डिंगमध्ये, वरच्या मजल्यावर, रसिलाबेनकडे एकच मालिका चालू असते आणि त्यातली सून रडायला लागली की ती भिंतीभिंतीतून रडते, हेही लिहिलं. दुपारची भांडी आवरली की तिचा हात आपोआप डायरीकडे जायचा. नोकरी सुटल्यापासून दिवसात एक गोष्ट अशी झाली होती, जी दुसऱ्या कोणासाठी करायची नव्हती.

जितेंद्रने एकदा विचारलं, काय लिहितेस. टीव्हीबद्दल, ती म्हणाली. तो हसला, चांगलं आहे, वेळ जातो म्हणाला आणि आवाज थोडा वाढवला.

पावसाळ्याच्या आधी रस्त्याकडेची गटारं खणायला घेतली आणि त्यात कुठेतरी केबलची वायर तुटली. दुपारी मालिकेतली मोठी सून कोणाच्या तरी कानाखाली मारणार एवढ्यात पडद्यावर मुंग्या आल्या. नीलमने वाट बघितली, चॅनल बदलून बघितले, रसिलाबेनना जाऊन विचारलं. सगळीकडेच गेलं होतं. केबलवाल्याचा फोन लागत नव्हता. शेवटी तिने टीव्ही बंद केला आणि डायरी घेऊन बसली. ‘आज टीव्ही नाही,’ एवढं लिहिलं आणि पुढे काही येईना. समोर काळा पडदा. त्यात खिडकी दिसत होती, पलंगाचा दांडा दिसत होता आणि स्वतःचं डोकं.

म्हणून ती वळून बसली. पाठ भिंतीला आणि तोंड पलंगाकडे.

मनोरमाबाई खिडकीकडे बघत होत्या. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, गजांवर वाळत घातलेला एक टॉवेल होता आणि मागे समोरच्या बिल्डिंगची भिंत. पण त्यांचा जबडा, जो कायम आवळलेला असायचा आणि झटक्यामुळेच तसा झाला असं घरातले सगळे धरून चालले होते, तो सैल पडला होता. डावा हात चादरीवर उघडा होता. थोड्या वेळाने त्यांना झोप लागली. दुपारी त्यांना झोप कधी लागत नसे. संध्याकाळी गोळी द्यायची वेळ आली तेव्हा नीलमला त्यांना उठवावं लागलं.

जितेंद्र आला, टीव्ही नाही कळल्यावर अस्वस्थ झाला. आईशेजारी टेकला, उठला, केबलवाल्याला शिव्या घातल्या, मग खाली जाऊन पानाच्या टपरीशी उभा राहिला.

दुसऱ्या दिवशीही केबल आली नव्हती. नीलम तशीच पलंगाकडे तोंड करून बसली होती आणि मनोरमाबाईंनी डावा हात लांबवून तिच्या ओढणीचं टोक बोटांत धरलं. काही हवंय का, असं नीलमने विचारलं. पाणी दाखवलं, पांघरूण दाखवलं. काही नको होतं. त्या नुसतं टोक धरून होत्या. तशातच खालून कोणीतरी ओरडलं की केबल चालू झाली आणि रसिलाबेनकडचा आवाज भिंतीतून आला. नीलमने सवयीने रिमोट उचलला आणि बटण दाबलं.

तिचं तोंड अजून पलंगाकडेच होतं, म्हणून तिने ते पाहिलं. आवाज आला तशी ओढणी सुटली. बोटं मिटली. जबडा आवळला गेला आणि मनोरमाबाईंनी मान जितकी वळत होती तितकी उशीत घातली.

नीलम बघत राहिली. हे आज पहिल्यांदा होत नव्हतं, तिला कळलं. हे रोज होत होतं, दिवाळीपासून, आणि ती रोज पाठ टेकून समोर बघत होती.

तिने आवाज बंद केला. “आई, टीव्ही नकोय का तुम्हाला?”

मनोरमाबाईंनी डोळे उघडले. डावा हात उचलायला त्यांना वेळ लागला. उचलून त्यांनी टीव्हीच्या दिशेने हवेतच ढकलल्यासारखं केलं, ताटातलं नको असलेलं बाजूला सारावं तसं. मग हात पडला. नीलमने टीव्ही बंद केला. नीलमला परळची खोली आठवली. तिथेही टीव्ही होता, पण त्यासमोर मनोरमाबाई बसलेल्या तिला काही आठवेनात. मटार सोलताना, पोळ्या लाटताना त्यांची पाठच असायची त्याच्याकडे. टीव्हीचं वेड सासऱ्यांना होतं आणि ते गेल्यावर जितेंद्रला.

रात्री जेवताना तिने जितेंद्रला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि मान हलवली. तुला वाटलं असेल, तो म्हणाला. हॉस्पिटलात काय सांगितलं होतं, आवाज पाहिजे. नुसतं भिंतीकडे बघत पडली तर ती आणखी खचेल. नीलम म्हणाली, मग आईंनाच विचारा ना. त्याने विचारलं नाही. हात धुऊन तो बाहेर हॉलमध्ये गेला आणि बातम्या लावल्या.

मग घरात दोन वेळा झाल्या. तो नसताना टीव्ही बंद, तो आला की चालू. नीलम दुपारी वळून बसायची आणि आता डायरीत वेगळंच यायला लागलं होतं. आई कोणत्या आवाजाला डोळे उघडतात. कबुतर गजावर बसलं की ओठांची डावी बाजू कशी हलते. पण सगळ्यात वाईट तिला जे दिसलं, ते लिहायला तिचा हात धजेना. संध्याकाळी जिन्यात जितेंद्रच्या चपला वाजल्या की मनोरमाबाई डोळे मिटून घ्यायच्या. तो यायचा, आई झोपली वाटतं म्हणायचा आणि आवाज थोडा कमी करून बघत बसायचा. त्यांना लेक घरी आल्याचं वाईट वाटायला लागलं होतं, आणि लेक तर त्यांच्यासाठीच धावत घरी येत होता.

रविवारी क्रिकेटची मॅच होती. जितेंद्र चहा घेऊन नेहमीसारखा पलंगावर टेकायला लागला, तेव्हा नीलमने स्टूल ओढून पलंगाच्या पायथ्याशी, टीव्हीच्या पुढ्यात ठेवलं.

“आज इथे बसा.”

“इथून काय दिसणार?”

“आई दिसतील,” ती म्हणाली.

तिच्या आवाजात काही होतं म्हणून असेल, तो बसला. मागे मॅच चालू होती, लोक ओरडत होते. त्याने आधी हसल्यासारखं केलं. मग चहाचा कप तसाच हातात राहिला. मनोरमाबाईंनी डोळे मिटले होते, पण पापण्या थरथरत होत्या, आणि प्रत्येक ओरड्याला त्यांचा खांदा जरासा दचकत होता. गालावरून पाणी उतरून उशीत जात होतं. जितेंद्रने मान मागे वळवली, टीव्हीकडे बघितलं, परत आईकडे बघितलं. मग हात मागे नेऊन चाचपडत त्याने टीव्हीचं बटणच दाबून टाकलं.

घर एकदम शांत झालं. मनोरमाबाईंनी डोळे उघडले, समोर मुलगा होता. त्यांनी डावा हात पुढे केला. तो उठून जवळ गेला तेव्हा त्यांनी त्याचं मनगट धरलं आणि सोडलं नाही. तो काहीतरी बोलेल म्हणून त्या त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. तो तसाच वाकून उभा राहिला आणि मग म्हणाला,

“आई, तू बोलत नाहीस तर मला काय बोलायचं ते कळत नाही गं.”

मनोरमाबाई म्हणाल्या, “बब.” नीलम किचनमध्ये गेली आणि उगाचच गॅस पुसत राहिली.

त्यानंतर त्या घरात टीव्ही क्वचितच लागला. जितेंद्रला बोलणं जमायला वेळ लागला. आधी तो आल्यावर पेपर मोठ्याने वाचायचा, तेही बातम्यांसारखंच एका सुरात. पण आई आता त्याच्या चपला वाजल्यावर डोळे मिटत नसत.

त्या शांततेचा त्रास झाला तो नीलमला. हे तिला अजिबात अपेक्षित नव्हतं. टीव्ही बंद झाल्यावर दुपार लांबत गेली. नळाचं ठिबकणं ऐकू यायला लागलं, पंख्याचा कट कट आवाज, जिन्यात कोणी आलं-गेलं. ती माणसं तिच्याकडे आलेली नसत. इतके दिवस तिला वाटत होतं की टीव्ही आईंसाठी आहे आणि आपण सोबत बसतो. आता कळलं की त्या बिनकडीच्या घरातल्या बायकांबरोबर ती रोज थोडा वेळ जाऊन यायची. ते गेलं, आणि उरली ती खोली, पलंग आणि सेफ्टी डोअर.

ती भिंतीला कान लावायला लागली. रसिलाबेनकडे मालिका चालू असायची. आवाज अर्धाच यायचा, शब्द कळायचे नाहीत, नुसती ढोलकीची थाप आणि रडणं. त्यावरून ती लिहायची. आज घरात पूजा आहे. आज कोणीतरी परत आलंय, सगळे गप्प झालेत, बहुतेक तो मेलेला नवरा असावा. एकदा सकाळी तिने रसिलाबेनना विचारून घेतलं, तर त्या हसत म्हणाल्या, “अरे नहीं नीलम, वो तो नयी बहू का भाई है.” नीलमला तो परत आलेला मेलेला नवराच जास्त पटत होता. तिने डायरीत तोच ठेवला. हळूहळू तिच्या डायरीतली मालिका वेगळी आणि शेजारची वेगळी झाली. एका दुपारी तिने ती मनोरमाबाईंना वाचून दाखवली, दबकत दबकत. परत आलेला नवरा जिन्याच्या पायरीवर बसतो आणि भाजी काय आणली असं विचारतो, तेव्हा सगळ्या घराच्या लक्षात येतं की भाजी आणायला आजवर कोणी गेलेलंच नाही, असा तो भाग होता. मनोरमाबाईंच्या घशातून खरखर आली. नीलम घाबरून उठली. मग तिने पाहिलं, त्या अर्ध्या तोंडाने हसत होत्या.

तेव्हापासून दुपारी वाचन होऊ लागलं. एवढं एक चांगलं झालं. बाकी काही हललं नाही. स्वप्नालीचा फोन आठवड्याला यायचा, रसिलाबेन सकाळी यायच्या आणि जल्दी आना म्हणायच्या.

पाऊस उघडल्यावर एका रविवारी जितेंद्र म्हणाला, “मी बसतो आईपाशी. तू जाऊन ये कुठेतरी. संध्याकाळपर्यंत ये.” नीलमने चांगला ड्रेस घातला, केस नीट विंचरले. खाली उतरल्यावर तिला कळेना की कुठे जायचं. सकाळची वाट तिला पाठ होती, भाजीवाला, मेडिकल, बिल भरायची खिडकी, पण यातलं काहीच नको होतं. फोर्टातल्या मैत्रिणींचे नंबर होते, पण एवढ्या महिन्यांनी रविवारी दुपारी कोणाकडे जाणार? ती स्टेशनच्या दिशेने चालत राहिली. लोक पिशव्या घेऊन, मुलांना घेऊन चालले होते. सगळ्यांना कुठेतरी जायचं होतं.

मोठ्या रस्त्यावर टीव्ही-फ्रीजचं एक दुकान होतं. काचेमागे भिंतभर टीव्ही मांडलेले आणि सगळ्यांवर एकच चित्र. रविवारी दुपारी चॅनलवाले आठवड्याचे भाग परत दाखवायचे. आवाज बाहेर येत नव्हता. तीच मालिका होती, तोच जिना. एक बाई खाली उतरत होती आणि खाली एक माणूस उभा होता, तो बहुधा नव्या सुनेचा भाऊ. नीलमने त्याला पहिल्यांदाच पाहिलं. चांगला तरणाताठा, शर्टाला इस्त्री, चेहऱ्यावर काहीच नाही. तिच्या डायरीतला माणूस थकलेला होता आणि त्याला भूक लागलेली होती. ती काचेशी उभी राहून बराच वेळ बघत राहिली. दुकानातल्या माणसाने आत या, बसा, अशी खूण केली, तेव्हा तिच्या लक्षात आलं की दिवसभरासाठी सुटका मिळाली आणि आपण चालत चालत येऊन टीव्हीसमोर उभे आहोत.

ती परत फिरली. संध्याकाळ व्हायला अजून खूप वेळ होता. सवयीने ती जिना भरभर चढली आणि दाराशी येऊन थांबली. आतून जितेंद्रचा आवाज येत होता. ऑफिसात कोण कोणाशी भांडलं, कँटीनचा चहा कसा पाणचट झालाय, असलं काहीतरी तो आईला सांगत होता. अडखळत, मधेच थांबत, पण सांगत होता. मधूनच ‘बब’ असा आवाज यायचा आणि तो “हो ना” म्हणायचा.

नीलमने बेल वाजवली नाही. वरच्या मजल्याकडे जाणाऱ्या पायरीवर ती बसली, चपला काढून बाजूला ठेवल्या आणि दार आतून कोणी उघडेपर्यंत ऐकत राहिली.